केटी म्हणजे बखर, आपल्याला हवंय चिठोरं

आयटीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, टीममधला माणूस सोडून चालला की काय होतं. त्याने पेपर टाकले, नोटीस पिरियड सुरू झाला, शेवटचे दोन आठवडे उरले की मॅनेजरला एकदम आठवतं की अरे याची केटी घ्यायची राहिली. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, जाणाऱ्याने आपल्या कामाची सगळी माहिती दुसऱ्याला देणं. मग रोज दुपारी 3 ते 4 कॉल लागतो, जाणारा माणूस स्क्रीन शेअर करून बोलत राहतो, घेणारा म्यूटवर राहून आपलं दुसरं काम उरकतो, कारण त्याचीही डेडलाइन असतेच, रेकॉर्डिंग कुठल्यातरी शेअर्ड फोल्डरमधे जाऊन पडतं आणि एक्सेलमधे 'केटी कम्प्लीट'चा रकाना हिरवा होतो. ते रेकॉर्डिंग परत उघडून बघितलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

पुण्यात या धंद्यात मला 15 वर्षं झाली आणि या काळात मी बऱ्याच जणांचा कोड हातात घेतला, बऱ्याच जणांच्या हातात दिला, त्यामुळे हे मनापासून लिहितेय. माझं म्हणणं असं आहे की कुठलाही निर्णय ज्या वेळी होतो त्याच वेळी, जिथे काम चाललंय तिथेच, त्याचं कारण आणि सोडून दिलेले पर्याय दोन मिनिटांत लिहिता येतील अशी सोय प्रत्येक टीमकडे असायलाच पाहिजे. आणि हे लिहिणं कामाच्या तासांत धरलं पाहिजे, 'वेळ मिळाला तर करा' या खात्यात टाकायचं नाही. आणि जे सॉफ्टवेअर जनतेच्या पैशातून बनतं त्याची ही कारणं जनतेला वाचता आली पाहिजेत. इथपर्यंत मी जाते, आणि का जाते ते सांगते.

काही वर्षांपूर्वी एका विमा क्लायंटचं काम आमच्याकडे आलं. रात्रीच्या बॅचमधे, म्हणजे रात्री एकामागोमाग आपोआप चालणाऱ्या कामांत, एका जागी 420 सेकंद नुसतं थांबायचं अशी एक ओळ होती. म्हणजे सात मिनिटं सिस्टिम काहीही न करता उभी. कमिट मेसेजमधे, म्हणजे कोडमधल्या बदलासोबत लिहायच्या नोंदीत, एकच शब्द, 'फिक्स'. ज्याने लिहिली तो केव्हाच परदेशात गेलेला, त्याच्याकडून केटी घेतलेली मुलगीही सोडून गेलेली. आम्ही चर्चा केली, टेस्ट केलं, काहीच बिघडलं नाही म्हणून ओळ काढून टाकली. बॅच सात मिनिटं लवकर संपायला लागली, क्लायंट खूश. मग महिनाअखेर आली आणि ज्यांच्या खात्यातून हप्ता कापला गेला होता त्यातल्या कितीतरी लोकांना रात्रीत मेसेज गेले की तुमचा हप्ता भरलेला नाही, पॉलिसी बंद पडू शकते. विचार करा, ज्या बाईने नवऱ्याच्या आजारपणात सगळं बाजूला ठेवून हप्ता भरलाय तिला सकाळी उठल्या उठल्या हा मेसेज दिसला तर तिच्या पोटात किती गोळा येईल.

शेवटी त्या परदेशातल्या मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर गाठलं. तो म्हणाला, "हो हो, महिनाअखेरीला बँकेची फाइल दोन तुकड्यांत यायची बहुतेक, दुसरा तुकडा उशिरा यायचा, म्हणून थांबवलं होतं. किंवा ते दुसऱ्या बँकेचं असेल, नक्की आठवत नाही गं." त्याला दोष देण्यात काही अर्थ नाही. तो हुशार होता, त्याने खरा प्रश्न खऱ्या अर्थाने सोडवला होता. त्याच्याकडे ते एक वाक्य ठेवायला जागाच नव्हती, आणि ठेवलं असतं तर कुणी त्याला शाबासकी दिली नसती.

मला यावरून नेहमी राजवाडे आठवतात. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी 1898 मधे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, त्यात 1750 ते 1761 मधली पत्रं आहेत, म्हणजे थेट पानिपतापर्यंतची. तोवर आपला इतिहास बराचसा बखरींवर चालायचा. बखर वाचायला झकास असते, भाषा ठसकेबाज, प्रसंग डोळ्यासमोर उभे राहतात, पण ती घटना घडून गेल्यावर, पुष्कळदा कितीतरी वर्षांनी, कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली असते आणि शेवट काय झाला ते लिहिणाऱ्याला माहीत असतं, त्यामुळे कारणं त्या शेवटाला जुळतील अशीच रचली जातात. राजवाड्यांचा आग्रह असा की त्या दिवशी, त्या छावणीतून, त्या माणसाने लिहिलेलं अस्सल पत्राचं चिठोरं अशा बखरींपेक्षा वजनदार धरायचं. कारण पत्र लिहिणाऱ्याला उद्या काय होणार ते माहीत नसतं. त्याला फक्त आज रसद किती उरली, पैसा कुठून येणार, कोण फुटायच्या बेतात आहे एवढंच दिसत असतं, आणि निर्णय नेमका तेवढ्याच माहितीवर झालेला असतो.

केटी ही बखर आहे. प्रोजेक्ट संपल्यावर घाईघाईत लिहिलेलं 60 पानी डिझाइन डॉक्युमेंट हीसुद्धा बखरच. त्यात सगळं ठरवून, विचारपूर्वक झाल्यासारखं दिसतं. त्या रात्री दीड वाजता क्लायंट कॉलवर असताना आणि टीममधे डेटाबेसचं कळणारा एकच माणूस असताना अमुक पर्याय का निवडला, हे त्यात कधीच नसतं. पण नंतर येणाऱ्याला हवं असतं नेमकं तेच!

आता कुणी म्हणेल की एका बॅचच्या ओळीवरून इतका मोठा निष्कर्ष कशाला. तर 4 जून 1996 चं उदाहरण घ्या. युरोपचं एरियान 5 रॉकेट पहिल्यांदाच उडालं, फ्रेंच गयानातल्या कुरू इथून, आणि इंजिन पेटल्यापासून साधारण 40 सेकंदांत वाट सोडून फुटलं. वर चार वैज्ञानिक उपग्रह होते. चौकशी मंडळाचा अहवाल दीड महिन्यात आला आणि तो प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्याने एकदा तरी वाचावा असा आहे. दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान 4 मधून जसंच्या तसं उचललेलं होतं. त्यात एक 64 बिटांचा आकडा 16 बिटांत बसवताना तो मावला नाही, एरर आली, यंत्रणा बंद पडली, आणि बॅकअप तर त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडलेला होता. इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते.

पण त्याच्या पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. अशा धोक्याचे सात आकडे तेव्हाच्या इंजिनियर लोकांनी शोधून काढले होते. त्यातल्या चारांना संरक्षण दिलं आणि तीन तसेच सोडले, कारण कॉम्प्युटरवरचा लोड 80 टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नव्हता आणि हे तीन आकडे एरियान 4 वर तेवढे मोठे होऊच शकत नाहीत असा हिशोब होता. म्हणजे निष्काळजीपणा नव्हता, बसून, सगळ्यांच्या संमतीने घेतलेला निर्णय होता, आणि एरियान 4 पुरता बरोबरही होता. एरियान 5 चा मार्ग वेगळा, वेग वेगळा, तिथे हिशोब कोसळला. आणि चौकशी मंडळाने स्पष्ट लिहिलंय की या निर्णयाच्या कारणाचा उल्लेख थेट सोर्स कोडमधे कुठेच सापडला नाही, आणि कागदपत्रांच्या प्रचंड ढिगात ते गृहीतक बाहेरून तपासणाऱ्यांच्या नजरेपासून झाकलं गेलं, मुद्दाम कुणी झाकलं नव्हतं तरी. वर अजून एक, जो भाग बंद पडला तो एरियान 5 ला उड्डाणानंतर लागतच नव्हता. काउंटडाउन मधेच थांबलं तर परत सगळी जुळवाजुळव करण्यात पाऊण तास जाऊ नये म्हणून जुन्या रॉकेटसाठी तो भाग उड्डाणानंतरही 40 एक सेकंद चालू ठेवलेला होता, आणि चालू आहे तर असू दे म्हणून नव्यातही राहिला. आमची 420 सेकंदांची ओळ आणि हे, जात एकच. फक्त आम्ही कारण माहीत नसताना काढून टाकलं आणि त्यांनी कारण संपलेलं असताना ठेवून दिलं.

यातून मी एक गोष्ट घेतली. कागदपत्रं कमी होती म्हणून ते रॉकेट पडलेलं नाही, कागदपत्रं ढिगाने होती. कारण कोडच्या शेजारी नव्हतं, कोड उघडणाऱ्याला ते दिसलं नसतं, हा मुद्दा आहे. म्हणून 'डॉक्युमेंटेशन वाढवा' हा नेहमीचा सल्ला मला पटत नाही. ढीग वाढवून काय होणार?

यावर उपाय कुणी शोधलाच नाही असं नाही. 2011 मधे मायकेल नायगार्ड या प्रोग्रॅमरने एक अगदी साधी पद्धत सांगितली, तिला एडीआर म्हणतात, आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड, म्हणजे सॉफ्टवेअरच्या रचनेबद्दलच्या निर्णयाची नोंद. प्रत्येक मोठ्या निर्णयाला एक छोटी टेक्स्ट फाइल, एक दोन पानांची, तिला नंबर, आणि ती कोडच्याच रिपॉझिटरीत, म्हणजे कोड साठवतात तिथेच, राहणार. आत काय तर परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्याचे परिणाम काय होतील, चांगले आणि वाईट दोन्ही. आणि पुढे येणाऱ्या डेव्हलपरशी आपण बोलतोय असं समजून लिहायचं. नंतर नॅट प्राइसने त्यासाठी एडीआर टूल्स नावाची छोटी टूल्स केली, टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एक कमांड दिली की पुढच्या नंबरची फाइल तयार होऊन समोर उघडते. निर्णय बदलला तर जुनी फाइल खोडायची नाही, तिच्यावर 'याची जागा अमुक नंबरने घेतली' अशी नोंद पडते आणि दोन्ही एकमेकींना जोडल्या जातात. ही गोष्ट मला फार आवडते, कारण डॉक्युमेंट जुनं होतं ही जी कायमची तक्रार असते ती इथे लागूच पडत नाही. तारीख घातलेलं पत्र शिळं कसं होणार, ते त्या तारखेचंच असतं.

तरी प्रॅक्टिकल अनुभव सांगते, आमच्याकडे नुसतं एडीआर टिकलं नाही. मोठा निर्णय कुठला आणि छोटा कुठला हे त्या क्षणी कळतच नाही. 420 सेकंद थांबायचं हा काही आर्किटेक्चरचा निर्णय नव्हता, कुणी त्यासाठी नंबर घालून फाइल केली नसती. म्हणून आम्ही एक अगदी बारकी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली आणि तिला नाव दिलं 'का'. काम करता करता टर्मिनलवर 'का' टाइप करायचं, ती तीनच गोष्टी विचारते, काय ठरवलं, कशामुळे, आणि काय सोडलं. एकेक ओळ लिहायची, एंटर. तारीख, लिहिणाऱ्याचं नाव, त्या वेळचा कमिट नंबर हे सगळं ती आपोआप घालते आणि रिपॉझिटरीतल्या एका फाइलमधे टाकते. मिनिटभराचं काम. दर शुक्रवारी चहाच्या आधी पंधरा मिनिटं आम्ही त्या आठवड्याच्या ओळी वाचतो, आणि त्यातली एखादी मोठी वाटली तर तिचा नीट एडीआर करतो. बाकीच्या तशाच राहतात, सर्च केलं की सापडतात.

तिसरा प्रश्न, काय सोडलं, हा सगळ्यात मोलाचा. काय केलं ते कोड सांगतोच. काय करून बघितलं आणि फसलं, कशाचा विचार करून मागे आलो, हे कोड कधीच सांगत नाही. पायथन भाषेत बदल सुचवायचा असेल तर जो प्रस्ताव लिहावा लागतो, पेप म्हणतात त्याला, त्याच्या ठरलेल्या साच्यात नाकारलेल्या कल्पनांसाठी वेगळा भागच असतो. त्यामुळे चार वर्षांनी कुणी उत्साहाने तीच कल्पना घेऊन आला तर त्याला आधीची सगळी चर्चा एका जागी मिळते, आणि जगात काही बदललं असेल तर तो नेमकं तेवढंच दाखवून देऊ शकतो.

भाषेबद्दल बोलायलाच पाहिजे. आमच्याकडे लातूर, नांदेड, जळगाव अशा ठिकाणांहून आलेली मुलंमुली आहेत, कामात वाघ. कॅन्टीनमधे विचारलं की एखादा बग का आला, कसा शोधला, हे इतकं सुरेख समजावून सांगतात की ऐकत राहावं. आणि तेच कमिट मेसेजमधे लिहायचं तर तीन शब्द, कारण इंग्रजीत वाक्य चुकलं तर रिव्ह्यूत सगळ्यांसमोर दिसेल ही भीती. विचार स्वच्छ आहे, पण त्या भीतीपोटी तो नोंदवलाच जात नाही. म्हणून 'का'मधे आम्ही सांगितलं, मराठीत लिहा, हिंदीत लिहा, रोमन लिपीत लिहा, मिसळ करा. पहिल्या महिन्यातच ओळी लांब व्हायला लागल्या. चेन्नईचा सहकारी वाचू शकत नाही ही अडचण खरीच आहे, त्यासाठी शुक्रवारी जे एडीआर होतात ते इंग्रजीत करतो. पण कारण जन्माला येताना ते ज्या भाषेत येतं त्या भाषेत पकडलं पाहिजे, भाषांतर नंतर होऊ शकतं, विसरलेलं कारण नंतर मिळत नाही.

आता विरोधातला खरा मुद्दा. वेळ नाही असं सगळे म्हणतात, पण मिनिटभर वेळ सगळ्यांकडे असतो. खरी गोष्ट ही की लोकांना लिहायची भीती वाटते. लिहिलं की अडकलो! उद्या काही फसलं तर तेच उघडून दाखवणार, अप्रेझलला काढणार. ही भीती खोटी नाही, मी स्वतः अशा मीटिंगमधे बसलेय जिथे दोन वर्षांपूर्वीचा मेल प्रोजेक्टरवर लावून माणसाला उभं केलं गेलं. अशा ठिकाणी तुम्ही कितीही चांगलं टूल आणा, लोक त्यात 'चर्चेनुसार बदल केला' एवढंच लिहिणार.

हाच वाद आपल्याकडे सरकारी फायलींवरून होऊन गेलाय. माहितीचा अधिकार 2005 ला आला, आणि लगेच पुढच्या वर्षी केंद्र सरकारने फायलींवरच्या टिपण्या, म्हणजे अधिकारी एकामागोमाग एक आपलं मत आणि कारण लिहितात ती पानं, बऱ्याच अंशी त्याच्या बाहेर काढायचं ठरवलं. बाजू अशी मांडली गेली की टिपण्या लोकांना दिसल्या तर अधिकारी मोकळेपणाने लिहिणार नाहीत. देशभर विरोध झाला, अण्णा हजारे ऑगस्ट 2006 मधे आळंदीला उपोषणाला बसले आणि सरकारने ती दुरुस्ती मागे ठेवली. मला वाटतं तो फार महत्त्वाचा विजय होता, कारण निर्णय तर आदेशात छापून येतोच, नागरिकाला लढायला उपयोगी पडतं ते कारण. आणि प्रामाणिक अधिकाऱ्याला तर टिपणी वाचवते. वरून दबाव आला, मी असं असं विरोधात लिहिलं होतं, हे त्याच्याकडे कागदावर राहतं.

कंपनीतही हेच. ज्याच्यावर नंतर खापर फुटतं तो बहुतेक वेळा सगळ्यात खालचा असतो, आणि त्याच्या बाजूने बोलणारा पुरावा म्हणजे त्या दिवशीची नोंद. म्हणून मॅनेजर लोकांना माझं सांगणं आहे की आधी तुम्ही लिहा. 'क्लायंटने 15 तारखेला हवंच म्हटलं म्हणून टेस्टिंग कमी केलं, निर्णय माझा' असं एका मॅनेजरने नावानिशी लिहिलं की पूर्ण टीमला समजतं की इथे खरं लिहिलेलं चालतं. डेडलाइन हे कारण आहे, बजेट हे कारण आहे, आमच्यात फक्त दोघांनाच ही भाषा येते हेही कारण आहे, यात लाज वाटायचं काही नाही. आणि या नोंदी अप्रेझलमधे वापरायच्या नाहीत असा नियम स्पष्ट शब्दांत हवा, आणि तो पाळलेला लोकांना दिसायला हवा.

याच धाग्याने मी सरकारी सॉफ्टवेअरकडे येते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 मधे लिहिलंय की प्रशासकीय निर्णयाची कारणं त्याची झळ बसणाऱ्या माणसाला सरकारने स्वतःहून सांगितली पाहिजेत. पूर्वी निर्णय माणूस घ्यायचा आणि टिपणी लिहायचा. आता कितीतरी निर्णय पोर्टल घेतं. आधारवर 'विठ्ठल' आणि सातबाऱ्यावर 'विठ्ठलराव' असलं की अर्ज पुढे सरकायचा की अडकायचा, हे कुठल्यातरी दुपारी कुणीतरी एका ओळीत ठरवलेलं असतं. तो शेतकऱ्याच्या बाबतीतला प्रशासकीय निर्णयच आहे, पण त्याची टिपणी कुठे आहे? सेतू केंद्रातला मुलगा म्हणतो सिस्टिम घेत नाही, तहसीलमधे म्हणतात वरून आहे, वरचे म्हणतात व्हेंडरला, म्हणजे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला, विचारा, आणि व्हेंडरचा तो माणूस केटी देऊन कधीच निघून गेलेला. हे अशक्य कोटीतलं मागणं नाही, ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सर्व्हिसच्या पुष्कळ रिपॉझिटरीज उघड्या आहेत आणि त्यात एडीआरच्या फाइल्स कुणीही, इथे पुण्यात बसून, वाचू शकतं. आपल्या टेंडरमधे युजर मॅन्युअल मागतात, ट्रेनिंग मागतात. निर्णयांच्या नोंदी मागा, आणि सुरक्षेचा भाग सोडून बाकीच्या प्रसिद्ध करा.

हल्ली एक उत्तर लगेच येतं की एआय आहे ना, मीटिंगचा बॉट बसवा, तो सगळं लिहून घेईल. मी वापरलेत ते. 40 मिनिटांच्या बोलण्याचा स्वच्छ सारांश येतो, कुणी काय करायचं त्याची यादी येते. पण जे बोललं गेलं ते तो लिहितो, आणि कारण पुष्कळदा बोललंच जात नाही, ते सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं, किंवा जिन्यात ठरलेलं असतं. शिवाय कोडच आता निम्माशिम्मा एआयकडून लिहून घेतला जातो, त्याच्याशी तासभर वाद घालून आपण एक मार्ग निवडतो आणि चॅटची खिडकी बंद करतो, संपलं. पूर्वी निदान कारण एखाद्या माणसाच्या डोक्यात तरी राहायचं, सात वर्षांनी का होईना फोन करून अर्धवट तरी मिळायचं. आता फोन कुणाला करणार? म्हणून या साधनांमुळे नोंदीची गरज कमी झाली असं मला वाटत नाही, दुप्पट झालीय.

एक धोका मात्र मला रोज दिसतो, तो म्हणजे या नोंदींचा फॉर्म बनणं. एका ठिकाणी हीच कल्पना नेली तर तिथे प्रोसेसवाल्यांनी तिला 14 रकाने, दोन अप्रूव्हल आणि महिन्याचं ऑडिट जोडलं. तीन महिन्यांत सगळ्या नोंदी एकमेकींच्या कॉपी पेस्ट. चिठोरं हे चिठोरंच राहिलं पाहिजे. त्याला सहीशिक्का लागला की माणूस खरं लिहायचं थांबतो आणि बरोबर दिसेल असं लिहायला लागतो.

त्या 420 सेकंदांच्या ओळीचं शेवटी काय झालं ते सांगते. गोंधळानंतर आम्ही ती परत घातली आणि 'का'मधे लिहिलं की महिनाअखेरीला बँकेची फाइल दोन तुकड्यांत येते, दुसऱ्या तुकड्याला पाच सहा मिनिटं लागतात, दुसरा तुकडा आलाय का हे तपासायची सोय बँक देत नाही म्हणून नुसतं थांबतोय, बँकेने एकच फाइल द्यायला सुरुवात केली की ही ओळ काढा. यंदा मार्चमधे बँकेने पद्धत बदलली. आमच्याकडे नुकतीच आलेली, लातूरची, पहिलीच नोकरी असलेली मुलगी त्या बॅचवर काम करत होती. तिने सर्च केलं, ओळ वाचली, बँकेचं पत्र जोडलं आणि थांबणं काढून टाकलं, कुणालाही न विचारता, आणि एप्रिलची महिनाअखेर शांतपणे पार पडली. तिची नोंद अशी आहे: "बँक आता एकच फाइल देते, पत्र जोडलंय. थांबायची गरज संपली. आधी वाटलं सेफ्टीसाठी दोन मिनिटं ठेवावीत, पण मग पुढच्याला परत प्रश्न पडेल ही दोन मिनिटं कशासाठी, म्हणून पूर्ण काढलं."